विहिरीवर बसू नये

त्या बाई आल्या तेव्हा मी एका विहिरीच्या दगडी काठावर अर्धी टेकून, अर्धी चढून बसले होते. दुपारचा दीड वाजून गेला होता, सकाळपासून चालून पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि व्हेनिसच्या त्या लहानशा चौकात बसायला दुसरं काही नव्हतं. पर्समधून चिवड्याची पुडी काढली. लेकीसाठी वडोदऱ्याहून आणलेला लीलो चिवडा, त्यातलाच सकाळी तिनं बांधून दिलेला वाटा. दोन घास खाल्ले असतील, तोच त्या समोर येऊन थांबल्या. वय पंचाहत्तरच्या पुढं, अंगात निळसर जाड कोट, मागं भाजीची चाकांची पिशवी. ‘नो, सिन्योरा, नो,’ त्या म्हणाल्या आणि बोटानं मला खाली उतरायची खूण केली. आवाज चढलेला नव्हता. मी घाईघाईनं उतरले, पुडी मिटली, हातानं चिवड्याचे कण झटकले. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा. त्यांनी माझं मनगट धरलं, माझी बोटं विहिरीच्या काठावर एका जागी नेऊन ठेवली आणि वरून आपल्या हातानं दाबली. तिथं दगडात खाच होती. तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. गुळगुळीत, बोट बरोबर बसेल एवढ्या. मग त्या काहीतरी दोन वाक्यं बोलल्या, त्यातला ‘पोत्सो’ हा एकच शब्द मला कळला, विहीर. आणि पिशवी ओढत पलीकडच्या बोळात निघून गेल्या.

उघड्यावर असं विहिरीच्या काठावर, पुलांच्या पायऱ्यांवर बसून खायला त्या शहरात बंदी आहे, दंडही होतो, हे लेकीनं रात्री सांगितलं. म्हणजे बाईंनी मला दंडापासून वाचवलं असंही म्हणता येईल. पण मला दिवसभर टोचत राहिलं ते वेगळंच. मला कुणीतरी विहिरीवरून उठवलं होतं आणि असं उठवलं जाण्याची माझ्या अंगाला जुनी ओळख होती.

‘विहिरीवर बसू नये गं.’

लेक पादोव्हाला शिकते. दिवाळी आटोपून मी तिच्याकडं पंधरा दिवस गेले होते. त्या दिवशी तिचे तास सकाळपासून संध्याकाळपर्यंत होते, म्हणून म्हणाली, आई, तू एकटी जाऊन ये, अर्ध्या तासाची तर गाडी आहे. एकटी म्हटल्यावर पोटात थोडं हललं. आयुष्यात मी एकटीनं फिरायला म्हणून कुठंच गेले नव्हते. माहेरी गेले, लग्नांना गेले, बँकेच्या कामानं अमदावादला गेले; नुसतं बघायला एकटी, कधी नाही. गाडी जमीन सोडून पाण्यावरच्या पुलावर चढली आणि दोन्ही खिडक्यांत एकदम करडं पाणी आलं तेव्हा मी उठून उभीच राहिले. तो रेल्वेचा पूल १८४६ सालचा. त्याआधी या शहरात यायचं म्हणजे होडीनंच. स्टेशनातून बाहेर पडले तर समोर रिक्षा नाहीत, पार्किंग नाही, रुंद पायऱ्या उतरल्या की थेट मोठा कालवा, आणि त्यावर बससारख्या भरून चाललेल्या बोटी. मी बराच वेळ त्या पायऱ्यांवर उभी होते. काय वेगळं वाटतंय ते आधी कळेना. मग लक्षात आलं, हॉर्न नाही. वडोदऱ्यात मांडवीच्या दरवाज्यापाशी किंवा रावपुऱ्यात सकाळी अकराला उभं राहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. इथं माणसांच्या पावलांचा आवाज येत होता, शेकडो पावलांचा, दगडावर, आणि मधेच एखाद्या इंजिनाची घरघर.

मोठ्या कालव्याकडं न जाता मी डावीकडं वळले आणि गर्दीपासून दूर जात राहिले. आतल्या गल्ल्या आपल्या गुजरातेतल्या पोळांसारख्या, जुन्या शहरातल्या दाटीच्या वस्त्यांसारख्या. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील, वर दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, कुठून तरी कांदा परतल्याचा वास, आणि गल्ली संपते असं वाटेपर्यंत एका कमानीखालून पुढं दुसरी गल्ली. फरक इतकाच की आपल्या पोळाच्या शेवटी कुणाचं तरी घर किंवा देऊळ असतं, इथं कितीतरी गल्ल्यांच्या शेवटी नुसतं पाणी असतं. पायऱ्या उतरतात आणि पाण्यात जातात. खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर हिरवं गच्च शेवाळ. सामान पोचवणारे मजूर हातगाड्या ओढत पुलांवरून जात होते. त्या गाड्यांना पुढच्या बाजूला जास्तीची दोन लहान चाकं असतात, ती आधी पायरीवर टेकवायची आणि मग गाडी वर घ्यायची. मी एका पुलाच्या कठड्याला टेकून एका माणसाला पाण्याच्या बाटल्यांचे खोके असे पायरी पायरी चढवताना पाहिलं. प्रत्येक पायरीला तो तोंडानं एक हलका हुंकार देत होता, आमच्याकडं कपाट वर चढवणारे हमाल देतात तसाच. खालून कचऱ्याची बोट गेली, तिच्यामागं सिमेंटच्या गोण्यांनी भरलेली एक. पुढं एका मोठ्या चौकात, संगमरवरी कोरीवकामानं मढवलेल्या दर्शनी भिंतीमागं चक्क सरकारी इस्पितळ आहे, आणि त्याच्या बाजूच्या कालव्यात रुग्णवाहिका बांधलेल्या असतात. होड्याच त्या, पिवळ्या-केशरी.

पाण्याचा वास कसा असेल याची मला धास्ती होती. थोडा खारट, थोडा ओल्या भिंतीचा, तळघराचा. मला तो वाईट वाटला नाही. भिंती मात्र बघवत नव्हत्या. गुडघ्यापर्यंत, काही ठिकाणी कमरेपर्यंत गिलावा सोलून निघालेला, विटांवर मीठ फुटलेलं, विटा आतून पोखरलेल्या. काही भिंतींवर कमरेच्या वर एक आडवी रेघ आणि खाली तारीख कोरलेली आहे, ४ नोव्हेंबर १९६६. त्या दिवशी भरतीचं पाणी १९४ सेंटीमीटरपर्यंत चढलं होतं. अशा एका रेघेला मी हात लावला. मला वडोदऱ्यातली, आमच्या अकोटा भागातल्या सोसायटीतली रेघ आठवली. २०२४च्या ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या पावसानंतर विश्वामित्री नदी पस्तीस फुटांच्या वर गेली, आणि पाणी उतरल्यावर आमच्या पार्किंगच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर एक तपकिरी रेघ राहिली. अगदी सरळ, सुतारानं आखल्यासारखी. त्या दिवाळीला सोसायटीनं सगळं रंगवून काढलं. मीही वर्गणी दिली. आता ती रेघ कुठं होती ते मला नेमकं दाखवता येणार नाही.

पण मला सांगायचंय विहिरींबद्दल.

व्हेनिसच्या जवळजवळ प्रत्येक चौकाच्या मध्यभागी विहीर आहे. जमिनीवर दिसतो तो फक्त तिचा काठ, एका अखंड पाषाणातून कोरलेला, मोठ्या उखळासारखा. कुणावर सिंहाची तोंडं, कुणावर पानांच्या वेली, डोजच्या, म्हणजे इथल्या जुन्या सत्ताधीशाच्या, राजवाड्याच्या अंगणात तर दोन काशाच्या. सगळ्यांवर आता लोखंडी झाकणं बसवलेली. मला सुरुवातीला कळेना, समुद्रात खणलेल्या विहिरीला गोडं पाणी लागेल कसं? ते लागत नाहीच. या विहिरी झऱ्याच्या नव्हेत, पावसाच्या आहेत. सगळा चौक खोल खणायचा, त्या खड्ड्याला चिकणमातीचा जाड लेप द्यायचा म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत झिरपणार नाही, मग त्यात वाळू भरायची आणि मधोमध विटांची गोल पोकळ नळी उभी करायची. वर फरसबंदी, आणि विहिरीभोवती चार जागी दगडात भोकं. छपरांवरच्या पागोळ्या, चौकात पडणारा पाऊस त्या भोकांतून खाली जायचा, वाळूतून गाळला जायचा आणि मधल्या नळीत साठायचा. म्हणजे तुम्ही चौकात उभे असता तेव्हा सगळ्या चौकाइतकं मोठं गाळणं तुमच्या पायाखाली असतं. विहिरीला कुलूप असे, ठरलेल्या वेळी घंटा झाली की ते उघडायचं आणि बायका तांब्याच्या बादल्या घेऊन यायच्या. एकोणिसाव्या शतकात तिथं अशा सहा हजारांहून जास्त विहिरी मोजल्या होत्या. पाऊस कमी पडला तर होड्या भरून नदीचं पाणी आणून त्यात ओतत. मला अमदावादच्या पोळांतल्या घरांची टांकी आठवली, चौकाखालची, गच्चीवरचं पाणी धरून ठेवणारी. चारी बाजूंनी पाणी असताना प्यायच्या पाण्यासाठी आभाळाकडं बघावं लागणारी माणसं, आणि उन्हाळ्यात जमीन भाजून निघणाऱ्या मुलखातली आमची माणसं. युक्ती दोघांना जवळजवळ एकच सुचली. मग १८८४ साली नळ आला आणि विहिरींना झाकणं लागली.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्या बाई गेल्यावर मला दिसली. विहिरीच्या पायथ्याशी, जमिनीलगत, दगडातच कोरलेली एक वाटी होती, दोन ओंजळी पाणी राहील एवढी. कुत्र्यामांजरांसाठी, पाखरांसाठी.

आमच्याकडं तिला डोणी म्हणत.

वडोदऱ्याच्या वाडी भागातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या परसात विहीर होती. परसाचं दार उघडलं की डावीकडं विहीर, उजवीकडं पारिजातक, मधे धुण्याचा दगड. खापरपणजोबा गायकवाडी सरकारच्या चाकरीत देशावरून इकडं आले, त्यानंतरच्या कुठल्या पिढीनं ती खणली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. माझ्या आठवणीत तिच्यावर रहाट नव्हता. तो आजोबांच्या काळात मोडला आणि पुन्हा कुणी बसवला नाही. नुसता पोहरा आणि दोर. आजी एक पाय काठाला रेटून, कासोटा घट्ट खोचून पाणी ओढायची. ओढताना दोर ज्या जागी घासायचा तिथं दगडात खाचा पडल्या होत्या, आणि आम्हा मुलांना प्रत्येकाला आपापली खाच वाटून दिलेली होती. माझी पारिजातकाच्या बाजूची दुसरी. ओढलेल्या पहिल्या पोहऱ्यातलं थोडं पाणी आजी आधी डोणीत घालायची. खारी, साळुंक्या, शेजारच्यांची मांजर, सगळे तिथं. प्यायला घरात आजव्याचं नळाचं पाणी होतं. सयाजीराव महाराजांच्या काळापासून वडोदरं आजव्याच्या तलावाचं पाणी पितं आणि आजी त्याला कौतुकानं ‘महाराजांचं पाणी’ म्हणायची. पण वरणाची डाळ तिला विहिरीच्याच पाण्यात शिजवायची असे. आणि आम्ही कुणी काठावर चढून बसलो की हातातलं काम टाकून यायची. ‘विहिरीवर बसू नये गं. साती आसरा असतात तिथं. त्यांच्या जागी आपण बसायचं का?’ पडाल, बुडाल असं ती कधीच म्हणाली नाही. त्यामुळं मला विहिरीची भीती वाटली नाही. तिथं आपल्याआधी कुणीतरी बसलेलं आहे एवढंच वाटायचं. त्रिपुरी पौर्णिमेला ती काठावर पणत्या लावायची, प्रत्येक खाचेपाशी एक.

पुराच्या वेळी आमच्या इमारतीची वीज गेली, खालची टांकी पुराच्या पाण्यात बुडाली, पंप गेला. तिसऱ्या मजल्यावरून खाली पाहिलं तर गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं, आणि नळाला थेंब नाही. मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्याची बातमी मोबाइलवर येत होती, मग मोबाइलही बंद पडला. प्यायचं पाणी आम्ही झाकणानं मोजून घेत होतो. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरायला लागलं तेव्हा धाकटा भाऊ कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहून आला. बरोबर प्यायच्या बाटल्या होत्या आणि मोठे दोन कॅन. म्हणाला, ‘ताई, हे वाड्यातल्या विहिरीचं. वाडीत पाणी चढलं नाही. वापरायला होईल.’ त्या पाण्यानं मी आधी तोंड धुतलं. गार होतं. त्यात शेवाळाचा तो ओळखीचा वास होता आणि मी तोंडावर पदर धरून बराच वेळ मोरीत उभी राहिले.

त्यानंतर सात महिन्यांनी मी ती विहीर बुजवायच्या कागदावर सही केली.

कुणाला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि तेच मला जड जातं. वाडा चुलतभावंडांत मिळून आहे. गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही, रोज भांडणं होतात, परसात चार गाड्या आणि सहा स्कूटर मावतील असं मोजून निघालं. एका चुलतभावाची नात दोन वर्षांची आहे, तिची काळजी सगळ्यांनाच होती. विहिरीचा उपयोग काय, या प्रश्नाला माझ्याकडं पुराचे दोन कॅन एवढंच उत्तर होतं, आणि ते मी बैठकीत उच्चारलं नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. मी शेवटची होते. भावानं माझ्याकडं पाहिलं, मी खाली कागदाकडं पाहिलं. मार्चमध्ये काम झालं. मजूर दाहोदकडचे होते. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस मुरूम टाकायच्या आधी एक उभा पाइप आणा म्हणून अडून बसला. मी तिथं होते. ‘श्वास तो लेवा देवो पडे ने, बेन,’ तो म्हणाला. विहीर बुजवताना तिच्यात पाइप उभा ठेवतात, हे मी ऐकलेलं होतं. भावानं जाऊन पाइप आणला. त्या माणसानं नारळ फोडला, हात जोडले आणि मग पहिली पाटी रिकामी केली. तो आवाज ऐकायला मी थांबले नाही.

व्हेनिसला त्या दुपारी मी सान मार्कोला गेले, सगळे जातात म्हणून. तिथल्या बॅसिलिकाच्या, मोठ्या चर्चच्या, आत फरशी अशी लाटेसारखी खालीवर झालेली आहे, शतकानुशतकं जमीन बसत गेल्यानं, आणि तिच्यावरचे संगमरवरी मोर आणि चौकटी त्या लाटांवर तरंगत असल्यासारखे दिसतात. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधली मोझेकची जमीन व्हेनिसच्या पद्धतीची आहे, हे शाळेच्या सहलीत आम्हाला सांगितलं होतं. तेव्हा चपला काढून तिच्यावरून चालताना तळव्यांना लागलेला गारवा मला इथं आठवला. बाहेर बॅसिलिकेभोवती आता काचेची भिंत उभारलीय, पाणी अडवायला. आणि त्याच्याही पलीकडं, खाडी समुद्राला मिळते त्या तीन तोंडांवर ७८ पोलादी दरवाजे समुद्राच्या तळाशी झोपवून ठेवलेत. मोठी भरती येणार असली की त्यांत हवा भरतात आणि ते उठून उभे राहतात. ऑक्टोबर २०२० पासून ते काम करताहेत. एवढं सगळं करून राखलेल्या या शहराच्या जुन्या भागात आता पन्नास हजारही माणसं राहत नाहीत. मला ते चौकाचौकांत बंद खिडक्या बघून जाणवलंच होतं. मला उठवणाऱ्या बाई त्यांतल्या एक. रोज ती चाकांची पिशवी ओढत त्या पुलांवरून जाणाऱ्या, आणि वाटेत कुणी विहिरीवर बसलेलं दिसलं की थांबणाऱ्या.

परतताना मी तो चौक पुन्हा शोधला. त्यांना भेटायचं होतं असं नाही. भेटल्या असत्या तरी बोलणार काय होते? पण मी तिथं चिवडा सांडला होता आणि तो नीट पुसला नव्हता. व्हेनिसमध्ये एकदा चुकलेली जागा पुन्हा सापडत नाही. दोनदा त्याच पुलावर आले, एकदा पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर. पाचच्या आधीच अंधारायला लागलं. भिंतींच्या कडेनं लाकडी फळ्यांच्या घोड्या रचून ठेवलेल्या होत्या, पाणी चढलं की चालायला. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. छपरांच्या फटीतून चंद्र वर आला, जवळजवळ पुरा, आणि खाली कालव्यातलं पाणी सकाळी कोरड्या असलेल्या पायरीपर्यंत आलेलं होतं. शेवटी एका चौकात विहीर दिसली. तीच होती की दुसरी, मला सांगता येणार नाही. चौकात कुणी नव्हतं. मी वाकून पायथ्याशी पाहिलं, वाटी होती. माझ्या बाटलीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं, ते तिच्यात ओतलं. मग काठावरच्या खाचेत बोट ठेवलं. दगड ओला होता.

गाडीत बसल्यावर भावाला फोन लावला. तिकडं रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. तो घाबरूनच उठला. ‘काय झालं गं ताई? बरी आहेस ना?’

‘बरी आहे. आपल्या विहिरीपाशी डोणी होती ना, ती कुठं गेली?’

तो थोडा वेळ बोलला नाही. गाडी पुलावर आली होती, दोन्हीकडं काळं पाणी आणि त्यात दूर खांबांवरचे दिवे.

‘मलब्यात गेली असणार,’ तो म्हणाला. ‘काठाचे दगडही त्यातच गेले. मी नव्हतो गं तेव्हा.’

‘असू दे.’

‘पाइप आहे अजून,’ तो म्हणाला. ‘गाड्यांच्या मधे. मी त्याला कुणाची गाडी लागू देत नाही.’ मग थांबून म्हणाला, ‘रात्री तिथं उभा असतो कधीकधी. तोंडावर हात धरला तर गार लागतं.’